सुरत ते भावनगर : एक अंतर, तीन हिशोब

सुरत आणि भावनगर ही शहरे नकाशावर अगदी समोरासमोर दिसतात. पण त्यांच्यामध्ये खंभातचे आखात पसरलेले आहे. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर जेमतेम ९० किलोमीटर भरते. नऊ आसनांच्या छोट्या विमानाला त्यासाठी साधारण अर्धा तास लागतो. भावनगरला उतरल्यावर सुमारे ५० किलोमीटरवर पालीताणा आणि शत्रुंजय गिरिराज. मात्र छोट्या विमानांच्या अशा सेवा कायम चालू राहतातच असे नाही. म्हणून यात्रेकरूने निघण्यापूर्वी वेळापत्रकाची खात्री करून घेणे हिताचे.

हा झाला पहिला हिशोब. दुसरा रस्त्याचा. भरूच, वडोदरा, तारापूर, वटामण अशी आखाताला पूर्ण प्रदक्षिणा घालून मोटार भावनगरला पोहोचते, तेव्हा सुमारे ३६० किलोमीटर झालेले असतात. म्हणजे हवाई अंतराच्या चौपट. ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा ते घोघा ही वाहने व प्रवासी नेणारी नौका सुरू झाली आणि हा वळसा समुद्रमार्गे सुमारे चार तासांवर आला. सुरतेच्या हिरेबाजारात उद्योग करणाऱ्या आणि सौराष्ट्रात घर असणाऱ्या हजारो कुटुंबांना या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. गुडघे थकलेल्या वडीलधाऱ्यांनाही दादांचे दर्शन त्यामुळे आवाक्यात आले. पायथ्यापुढच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या मात्र कोणत्याही वाहनाने कमी केलेल्या नाहीत.

तिसरा हिशोब साधू-साध्वींचा. त्यांना विमान नाही, नौका नाही, मोटार नाही. पुढील काही हात भूमी न्याहाळत, जीवजंतूंची जयणा राखत ते पायी चालतात. दिवसाला १५ ते २० किलोमीटर धरले, तर आखाताचा हा वळसा पूर्ण होण्यास तीन आठवडे सहज लागतात. या वाटेच्या परिसरात भरूचचे मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आहे, स्तंभन पार्श्वनाथांचे खंभात आहे. त्याच खंभातात हेमचंद्राचार्यांची दीक्षा झाली. विमानाच्या खिडकीतून ही तीर्थे केवळ ठिपके होऊन मागे पडतात.

परंतु याच वाटेवर एक चिंताही आहे. ज्या रुंद महामार्गांनी व्यापाऱ्याचा वेळ वाचविला, त्याच महामार्गांच्या कडेने पहाटेच्या अंधुक प्रकाशात साध्वीजींचा विहार चालतो. भरधाव वाहनाच्या धडकेने विहारात काळधर्म पावल्याच्या वार्ता समाजाला वारंवार ऐकाव्या लागतात. अशा वेळी शोकसभा होते, गुणानुवाद होतो. पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत कोण चालणार, हा प्रश्न मात्र पुन्हा शिल्लक राहतो.

जमाखर्च जाणणाऱ्या समाजाला याचे उत्तर अवघड नसावे. मोटारीऐवजी विमानाने गेलेल्या श्रावकाचे जाता-येता मिळून जवळजवळ एका दिवसाचे श्रम वाचतात. तो वाचलेला दिवस पेढीवरच जमा व्हावा, असा काही नियम नाही. आपल्या गावाच्या शिवेतून जाणाऱ्या विहारात, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून आणि विजेरी हाती घेऊन, एका मुक्कामापुरते सोबत चालणे कोणत्याही घरातील तरुणाला शक्य आहे. गावोगावचे विहारसेवक हे काम निष्ठेने करीत आहेत. त्यांची संख्या वाढली पाहिजे.

अर्ध्या तासाच्या उड्डाणाने यात्रा सोपी झाली, ही आनंदाचीच गोष्ट. वाचलेल्या वेळातून तीन आठवडे चालणाऱ्या पावलांचे रक्षण घडले, तरच तो वेळ खऱ्या अर्थाने पुण्याच्या खाती जमा होईल.