फोर्टमधील एक रात्र

मुंबई आम्हाला नवी नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही हुपरीहून दादरला चैत्यभूमीवर जातो. रांगेत उभे राहतो, शिवाजी पार्कवर पथारी टाकतो, पुस्तके घेतो आणि परततो. तिथे झोपायला जागा कोणाला मागावी लागत नाही; आजूबाजूला सगळी आपलीच माणसे असतात. फोर्टमध्ये मुक्काम करण्याची वेळ मात्र प्रथमच आली, ती मुलीच्या मुलाखतीमुळे.

मुलीला तिथल्या एका कचेरीत सकाळी नऊला हजर राहायचे होते. गाडीला उशीर झाला तर पोरीची संधी जाईल, म्हणून आम्ही उभयता तिला घेऊन आदल्या दिवशीच पोहोचलो. स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांत लॉज शोधू लागलो. पहिल्या ठिकाणी एका रात्रीचे तीन हजार सांगितले. मुलीची आई घरी पैंजणांना घुंगरू जोडते. महिनाभर मान मोडून तिच्या गाठीला एवढे पैसे उरत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी भाडे परवडणारे होते. मॅनेजरने किल्लीही काढली. मग आधार कार्ड घेतले, नाव वाचले, आत जाऊन आला आणि म्हणाला, "खोली आत्ताच गेली." आडनावामुळेच हे झाले असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवलेली आम्ही तिघांनीही पाहिली.

शेवटी गावाकडच्या एका दादांना फोन लावला. ते तिथल्याच एका जुन्या इमारतीत वॉचमन आहेत. "विचारताय काय? या की! पोरगी आपली न्हवं का?" गच्चीखालच्या छोट्या खोलीत त्यांनी आमची सोय केली आणि स्वतः जिन्याखाली आडवे झाले.

रात्री आठनंतर फोर्ट ओस पडते. साहेब लोक लोकल पकडून जातात आणि मागे राहतात ते वॉचमन, झाडूवाले, जिने पुसणाऱ्या बाया. त्यांच्याकडे पाहताना आम्हाला आपल्या वस्तीतीलच चेहरे दिसले.

मुलगी गप्प होती. आम्ही तिला बडोद्याची हकिकत सांगितली. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी होती, विद्वत्ता होती, डोक्यावर छप्पर नव्हते. त्यापायी बडोदा सोडावे लागले.

सकाळी लवकर निघून डॉ. दादाभाई नौरोजी रोडने चाललो. वाटेत सिद्धार्थ कॉलेज लागले. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी हे कॉलेज सुरू झाले. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांच्या लेकरांसाठी बँका आणि पेढ्यांच्या या महागड्या भागात आज आनंद भवन आणि बुद्ध भवन या नावांनी इमारती उभ्या आहेत. १९२० ची माणगाव परिषद आमच्या शेजारची, म्हणून मुलीला ती लहानपणापासून माहीत. ही वास्तू ती पहिल्यांदाच पाहत होती. पाटीसमोर उभी राहून तिने हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, आता भीती वाटत नाही."

नऊला दहा मिनिटे असताना ती कचेरीच्या दारात होती. ती नोकरी तिला मिळाली नाही. पण उशीर झाला म्हणून संधी गेली, असे झाले नाही. पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने स्वतःच भरला आहे.

परतल्यावर आम्ही विहारात एक वही ठेवली. मुंबई, पुणे येथे असलेल्या आपल्या माणसांचे पत्ते, फोन आणि किती जणांची एका रात्रीची सोय होईल, हे त्यांना विचारून त्यात लिहितो. पहिले नाव वॉचमन दादांचे आहे. दर रविवारी वंदनेनंतर वही पुढे येते. आजवर चौदा नावे झाली आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. पण परगावी परीक्षा असेल तेव्हा आदल्या रात्री ते मूल कुठे झोपेल, याचाही विचार करूया. अशी एक वही आपल्या विहारातही ठेवा.

जय भीम!