शेरूची परीक्षा

मुलांनो, परीक्षा फक्त तुम्हालाच असते असं समजू नका. कुत्र्यांनाही असते! आमच्या शेरूची मी स्वतः घेतली होती, आणि तिचा निकाल असा लागला की बिचाऱ्याचं आमच्या घरातून नावच कटायची वेळ आली.

तेव्हा मी सातवीत होतो. आमची चाळ डोंबिवली पूर्वेला, अगदी शेवटची. पलीकडे भातशेती आणि लांबवर मलंगगड. चाळीत दोनदा चोरी झाली म्हणून अण्णांनी अल्सेशियनचं पिल्लू आणलं. दीड वर्षात ते चांगलं दांडगं झालं. पण हा राखण करील का? खात्री नको करायला? दिवाळीच्या सुट्टीत माझा मामेभाऊ सुऱ्या कल्याणहून आला होता. त्याच्या हाताला गोणपाट गुंडाळलं, तोंडाला रुमाल बांधला आणि मागच्या दारानं 'चोर' आत सोडला.

शेरूनं झेप घेऊन हात धरला. मी टाळ्या पिटल्या. "पास! पास!" पण तो सोडेचना. मी ओरडलो, त्याचा पट्टा ओढला. गोणपाट फाटलं आणि दात मनगटात शिरले. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागत. सुऱ्यानं ती सगळी घेतली. (तुम्ही असला उद्योग मुळीच करू नका, बरं का!)

अण्णा म्हणाले, "शेरूला गावी पाठवून द्यायचं."

मी रडत शेताकडे गेलो. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणपट्टीत उतरतात. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. शेताला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला धान्य. तिथली दोन कुत्री माझ्यावर भुंकत आली, पण थोड्या अंतरावर थांबली. म्हाताऱ्या धनगरबाबांनी हाक मारताच मागे फिरून मेंढ्यांजवळ जाऊन बसली. ना साखळी, ना दोरी.

मी सगळी हकिकत सांगितली. बाबा हसले. "चावाया काय, पिसाळल्यालं बी चावतंय! आमी आधी बघतो, कोकराला तोंड लावतंय का. मग बघतो, लांडगा पळाला तर त्याच्यामागं लांब जातंय का. हे लांब गेलं की दुसरा लांडगा मागनं आत. हाक मारल्याव माघारी आलं पायजे."

त्यांची पिल्लं डोळे उघडल्यापासून कोकरांतच वाढत. कोणाला राखायचं, हे त्यांना आधी कळे.

पुढे मोठेपणी वाचलं, तेव्हा बाबांची फार आठवण झाली. अल्सेशियनसाठी जर्मनीत 'शुट्झहुंड' नावाची परीक्षा सुरू झाली. (आता तिचं नाव बदललंय.) तिचे भाग तीन: माग काढणं, आज्ञा पाळणं आणि राखण. राखणीच्या भागात हाताला जाड बाही घातलेला माणूस लपून बसतो, अगदी आमच्या सुऱ्यासारखा! पण तो स्तब्ध उभा असेल तर कुत्र्यानं नुसतं भुंकायचं, चावायचं नाही. पुढे झटापटीत बाही धरली, तरी हुकूम होताच सोडायची. नाही सोडली की मार्क गेले. अमेरिकेत रेमंड कॉपिंजर या शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकापासून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांनीही तीन गुण सांगितले: कळपाकडे लक्ष, कळपाला इजा न करणं आणि मग राखण. धनगरबाबांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं!

त्या संध्याकाळी मी अण्णांकडून नाताळपर्यंतची मुदत मागून घेतली. रोज दोरीचा तुकडा आणि भाकरी घेऊन बसायचो. शेरूनं दोरी धरली की म्हणायचं, "सोड!" सोडली की भाकरी. पहिला आठवडा त्यानं दोरीच खाल्ली म्हणा ना!

नाताळच्या सुट्टीत अण्णांनी स्वतः दोरीचं टोक धरलं. सुऱ्या खिडकीतून बघत होता, आत यायला तयार नव्हता. शेरूनं दुसरं टोक पकडलं.

"सोड!"

नाही सोडलं. माझ्या पोटात गोळा आला.

"शेरू, सोड!"

सोडलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. दोरी खुंटीला अडकवून आत गेले आणि आईला विचारलं, "त्याची भाकरी झाली का गं?"