आईच्या आईची आई

आपल्याकडे कुळवृत्तान्त छापायची हौस जुनी आहे. मूळ पुरुषापासून खाली फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदीवर पुरुषाचं नाव असतं. बायकांची नावं कंसात, तीही सासरची. ती मूळची कुठल्या गावची, कुणाची लेक, हे क्वचितच लिहिलेलं सापडतं. तिच्या आईचं नाव तर कुठेच नाही.

कागदानं टाकून दिलेली ही आयांची परंपरा शरीरानं मात्र जपली आहे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा चिमुकला डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा. तो आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, मिळतो दोघांनाही. पुढे देते ती मुलगी. हजारो वर्षांत त्यातलं एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या साऱ्या लेकींत उतरत राहतो. असे बदल ताडून पाहत मागे गेलं की आयांची वंशावळ हाती येते. आपण ज्याला वंशाचा दिवा म्हणतो, तो या वंशावळीत लेकीच्याच हातात असतो.

१९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या अमेरिकेतल्या संशोधकांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत मूळ असलेल्या १४७ जणांचा हा डीएनए तपासला. बहुतेक नमुने बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून घेतले होते. आपल्याकडे जी वार पुरून टाकतात, तिच्यातून ही आयांची कहाणी निघाली! सगळ्या रेषा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहिलेल्या एका बाईपाशी जाऊन मिळाल्या. त्या काळी ती काही एकटी बाई नव्हती. इतर बायकाही होत्या, पण त्यांच्या रेषा पुढे कुठल्या तरी पिढीत, लेक नसलेल्या घरात थांबल्या.

आफ्रिकेबाहेर पडलेल्या माणसांबरोबर दोन मोठ्या शाखा निघाल्या. त्यांना 'एम' आणि 'एन' अशी रुक्ष नावं आहेत. आज भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांत 'एम'च्याच पोटशाखा सापडतात. आदिवासी पाड्यांपासून पेठांतल्या वाड्यांपर्यंत. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या के. थंगराज, लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अंदमानच्या ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांत 'एम'च्या दोन फार जुन्या पोटशाखा दाखवून दिल्या. याच शाखेच्या लेकी पुढे चीन-जपानात गेल्या, सैबेरियातून अमेरिकेतही उतरल्या. युरोपात मात्र वेगळंच घडलं. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या हिमयुगातल्या हाडांत 'एम' असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. आजच्या युरोपात ती जवळजवळ उरलेलीच नाही.

ही शाखा गावोगाव पसरते ती लग्नांमुळे. उत्तर थायलंडमधल्या डोंगरी जमातींचा २००१ सालचा अभ्यास बोलका आहे. जिथे मुली सासरी जातात तिथे आयांच्या रेषा गावागावांत मिसळलेल्या दिसल्या. जिथे जावई सासरी येऊन राहतात तिथे बापांच्या. आपली रीत पहिलीच. बाप गावात राहिला, आई वेशी ओलांडत आली.

यावरून कुणी जातीचा किंवा भाषेचा अभिमान मिरवू नये. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत पूर्वजांच्या १,०२४ जागा भरतात, आणि ही रेषा त्यांतल्या एकाच बाईकडे बोट दाखवते.

तरी ती एक बाई मला हवीशी वाटते. माझी पणजी, आईच्या आईची आई, धारवाडकडच्या कानडी घरातली. लग्न होऊन बेळगावात आली, नाव बदललं, भाषा बदलली. घरात सगळे तिला 'अव्वा' म्हणत. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अव्वाला एकच मुलगी. आज्जीलाही माझी आई एकटीच. आईला आम्ही दोघं, अक्का आणि मी. अक्काला दोन्ही मुलगेच आहेत. माझ्या मुलीत आहे ती माझ्या बायकोच्या आईची रेषा. म्हणजे अव्वानं बेळगावात आणलेली रेषा अक्काच्या मुलांपाशी आणि माझ्यापाशी संपणार. हे ऐकल्यावर आई नुसतीच म्हणाली, "मग नावं तरी लिहून ठेव की रे."

लिहायला बसलो. आई, आज्जी, अव्वा. अव्वाच्या आईचं नाव आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. पण अव्वाच्या बहिणी होत्या, त्या तिकडेच धारवाड भागात दिल्या होत्या. त्यांच्या लेकी-नातींतून ही रेषा कानडी घरांत अजून चालू असेल. तिथल्या एखाद्या आज्जीला ते नाव आठवत असेल. अक्का आणि मी या दिवाळीनंतर धारवाडला जाणार आहोत. वहीत चौथी ओळ मोकळी ठेवली आहे.