टँगो आणि आमचे आबा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या वेळी एका सरांनी सहज विचारले होते, "घरात कुणाला कलेची आवड?" मी चटकन म्हणालो, "नाही सर, सगळे शेतकरी." ते खोटे होते. माझ्या आबांनी बारा वर्षे तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली. पण तो शब्द तिथे उच्चारायला जीभ रेटली नाही.

यंदा आमच्या चित्रपट मंडळात 'सेंट ऑफ अ वुमन' (१९९२) पाहिला. त्यात अल पचिनोने रंगवलेला आंधळा कर्नल एका अनोळखी मुलीला टँगोसाठी उठवतो. जागेची लांबी-रुंदी आधी सोबतच्या पोराकडून विचारून घेतो आणि मग असा नाचतो, की चुकायला भिणारी ती मुलगी हसू लागते. ती धून कार्लोस गार्देलची, १९३५ सालची. त्याच वर्षी गार्देल विमान-अपघातात गेला. चित्रपट संपला तरी धून डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचू लागलो, पाहू लागलो.

टँगो जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत. पोटासाठी युरोपातून आलेली माणसे आणि तिथले आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या सरमिसळीतून तो घडला. तिथल्या बड्या घरांना हा नाच ओंगळ वाटे. १९१३च्या सुमारास पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले, तेव्हा कुठे त्याच घरांची दारे त्याला उघडली. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' या मूकपटात टँगो केला आणि तो जगभर पोहोचला.

बॅलेनेही त्याला जवळ केले. फ्रेडरिक अॅश्टनच्या 'फसाड'मध्ये (१९३१) टँगो थट्टेपुरता येतो. हान्स व्हान मानेनच्या 'फाइव्ह टँगोज'मध्ये (१९७७) मात्र पियाझोलाच्या संगीतावर सबंध बॅलेच उभा आहे. खरे तर दोघांचा स्वभाव उलटा. बॅलेची ओढ आकाशाकडे, तर टँगोचे पाऊल जमीन सोडायला तयार नसते. कार्लोस सौराच्या 'टँगो' (१९९८) या चित्रपटात बॅलेतला हुलिओ बोका आणि टँगोतच मुरलेला हुआन कार्लोस कोपेस असे दोघेही आहेत. कोण वरचा, कोण खालचा, हा प्रश्न ते पाहताना मनात येत नाही.

हे सारे मी मित्रांना तासन् तास सांगत असे. एके रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाटले, त्या बड्या घरांना मी हसतो खरा, पण माझी तऱ्हा काय वेगळी? परमुलखातल्या गरिबांचा नाच मी मिरवतो आणि घरातली ढोलकी लपवतो. आपल्या माणसाचा मान राखायलाही मला एखादे पॅरिस लागते की काय?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आबांना मोबाइलवर सौराचा चित्रपट दाखवला. बँडोनिअन हे टँगोचे जीव की प्राण असलेले वाद्य. मूळचे जर्मन, आपल्या पेटीसारखेच भात्यावर चालणारे. आबा डोळे बारीक करून पाहत राहिले. बोटे मांडीवर चालूच होती. मग म्हणाले, "पेटीवाला तयारीचा हाय. आन् ती बाई बघ, पायाकडं एकदा बी बघत न्हाई. ताल अंगात मुरलाय तिच्या."

"आबा, तुम्ही फड का सोडलात?"

"तुझा बाप साळंत जायला लागला. पोरं त्याला चिडवायची." एवढेच बोलून त्यांनी पुन्हा मोबाइलकडे बोट केले, "लाव की फुडचं."

प्रवेशाच्या वेळी दिलेले उत्तर मी आज इथे दुरुस्त करतो. सर, आमच्या घरात कला होती. माझे आबा ढोलकी वाजवीत असत.