घरकुलाला पडवी हवी

घरकुल मोजलं जातं भिंतींच्या आतून, आणि वारल्याचं निम्मं घर असतं भिंतींच्या बाहेर. पाड्यांवरच्या सरकारी घरांबद्दलचा माझा मुख्य आक्षेप एवढाच आहे. बाकीचे सगळे त्यातून निघतात. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर बसतं. अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. बांधकाम टप्प्याटप्प्यानं पुढे जातं, प्रत्येक टप्प्याचा ठिकाणासह नोंदलेला फोटो वर जातो, मग पुढचा हप्ता येतो. या व्यवस्थेत घराचा आराखडा कुणी काढतच नाही. तो चौरस मीटर आणि फोटो यांनीच ठरवलेला असतो: विटांच्या दोन खोल्या, वर स्लॅब किंवा पत्रा, आणि उंबरठा ओलांडला की थेट पाऊस.

जव्हार-मोखाड्याकडचं जुन्या पद्धतीचं घर याच्या शेजारी ठेवून पाहा. लाकडी खांबांवर छपराचा भार, आणि खांबांच्या मधे कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपलेला. भिंत भार घेत नाही, म्हणून ती हलवता येते. मुलाचं लग्न झालं की बाजूला एक खण वाढतो. आत चूल, कणगी आणि वर माळा. चुलीचा धूर माळ्यावरच्या बियाण्याला आणि छपराच्या बांबूला किडीपासून राखतो. पुढे उतरत्या छपराखाली पडवी. पावसाळ्याचे चार महिने सरपण तिथेच कोरडं राहतं. शेळ्या, कोंबड्या तिथेच. टोपल्या विणणं, जाळं दुरुस्त करणं, आल्यागेल्याला बसवणं, सगळं तिथे. घरातल्या भिंतीवर लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. ती भिंत म्हणजे विधीची जागा. संस्कृतीला साजेसं घर म्हणजे सिमेंटच्या भिंतीवर बाहेरून वारली चित्रं, असा एक समज कार्यालयांतून फार लोकप्रिय आहे. त्यात रंगाऱ्याला काम मिळतं. कणगीला जागा मिळत नाही.

म्हणून अनेक पाड्यांवर एकच दृश्य दिसतं. घरकुलाला टेकून कुडाची किंवा ताडपत्रीची सोपी उभी राहते, चूल तिच्यात जाते, माणसं तिच्यात बसतात, आणि पक्क्या खोलीत धान्याची पोती आणि पेट्या राहतात. याला अधिकारी ‘योजनेचा गैरवापर’ म्हणतात. मी याला रहिवाशांनी केलेली आराखड्याची दुरुस्ती म्हणेन. ती दुरुस्ती आधीच करता येते. माझं म्हणणं असं: सरकारनं चांगलं उंच जोतं, खांब-तुळयांचा मजबूत सांगाडा आणि खोल वळचणीचं, पडवी झाकणारं छप्पर द्यावं, भिंती कशाच्या, कुठे आणि कधी हे घरच्यांवर सोडावं. हे नियमांच्या बाहेरचंही नाही. योजनेच्या लेखी पक्कं घर म्हणजे साधारण देखभालीत वापराची झीज आणि ऊन-पाऊस सोसून किमान ३० वर्षं टिकणारं घर. छत टिकाऊ हवं, हे बरोबर. पण भिंत सिमेंटचीच हवी, हा शिरस्ता आहे, नियम नव्हे. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, लहान भूकंपांची मालिका सुरू झाली तेव्हा भेगा गेलेल्या घरांतली माणसं तंबूत झोपत होती. अशा जमिनीवर भूकंपरोधक पट्ट्यांशिवाय रचलेली चार इंची विटांची भिंत माणसाच्या अंगावर येते. हलका कूड पडला तरी जीव घेत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो खुद्द पाड्यातून: आम्हालाही स्लॅब हवा. तो मी हसण्यावारी नेत नाही. कूड दरवर्षी लिंपावा लागतो आणि ते काम बायकांच्या वाट्याला येतं. गवती छपराला आगीची भीती, भिंतीच्या फटीतून विंचू-साप, आणि जंगलातून कारवी, गवत आणणं दिवसेंदिवस अवघड. त्यात इज्जतीचा प्रश्न आहेच. शहरातल्या माणसानं स्वतः आरसीसीत राहून दुसऱ्याला मातीचं माहात्म्य सांगू नये. पण निवड गळक्या झोपडीत आणि गळक्या स्लॅबमध्ये असेल तर तिला निवड म्हणता येत नाही. कमरेइतकी दगड-विटांची भिंत, वर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूचा कूड, त्यावर चुना किंवा थोड्या सिमेंटचा गिलावा हा तिसरा पर्याय आहे. मेळघाटातल्या लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्रानं बांबूच्या बांधकामाचं कौशल्य कोरकू भागात रुजवलं आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात घातलं आहे.

दुसरा आक्षेप, ‘यांना घर वापरताच येत नाही.’ ऑस्ट्रेलियात हाच आरोप तिथल्या मूलनिवासींवर होता. वास्तुविशारद पॉल फोलेरॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून घराघरांत जाऊन नळ, संडास, वीज तपासली. बिघाडांत रहिवाशांच्या गैरवापराचा वाटा दहा टक्क्यांहून कमी निघाला. बाकी सगळं निकृष्ट बांधकाम आणि न झालेली देखभाल. आपल्याकडे अशी तपासणी करायची कुणाला घाईच नाही.

तिसरा आक्षेप सर्वात अवघड. परंपरा जपायची तर गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांतलं कुर्माघरही बांधायचं का? पाळीच्या दिवसांत बाईनं गावाच्या कडेच्या पडक्या खोपटात राहायचं. काही संस्थांनी त्या जागी दिवा, पलंग, संडास असलेल्या पक्क्या खोल्या बांधल्या, आणि त्यांच्यावर टीका झाली की तुम्ही बहिष्कार पक्का केलात. मला दोन्ही बाजू कळतात. साप चावून बाई मरू नये, हे आजचं काम आहे. पण सरकारी आराखड्यात कुर्माघराचा खण नसावा. त्याऐवजी घरालगत स्वतंत्र दाराची न्हाणी आणि झाकलेली, आडोशाची जागा असावी. तिचा वापर कसा करायचा ते गावातल्या बायका ठरवतील, आणि पुढच्या पिढीला त्या जागेची फक्त न्हाणी करता येईल.

सगळ्यांना एकच पडवीवालं घर वाटणं ही तर नवी चूक होईल. कातकऱ्यांची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि घर महिनोन्महिने बंद असतं. त्यांना आधी कुलूप बसेल अशी एक भक्कम खोली हवी, आणि त्याच्याही आधी पायाखालची जागा नावावर हवी. सातपुड्यातल्या भिलांची घरं आपापल्या शेतात दूरदूर असतात, त्यांना ओळीनं वसवलं की शेताची राखण सुटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंडांना घरामागे २ लाख रुपये आहेत. एवढ्या पैशात सांगाडा आणि छप्पर नीट होतं. बदलायचा आहे तो हप्त्याचा फोटो: गिलावा केलेली भिंत दाखवा असं म्हणण्याऐवजी झाकलेल्या जागेचं क्षेत्रफळ मोजा, पडवी त्यात धरा, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावर, छप्पर गळलं नाही हे पाहून द्या.