बाप होण्याची सही

जर्मनीत लग्न न करता बाप होता येतं, पण सही न करता नाही. निदान कायद्याच्या लेखी तरी नाही. मी सात वर्षं श्टुटगार्टमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. दीड वर्षापूर्वी आम्हाला मुलगी झाली. तिची आई जर्मन आहे आणि आमचं लग्न झालेलं नाही. बडोद्याच्या आपल्या मंडळींत हे वाक्य अजून आवाज खाली आणून बोललं जातं, म्हणून इथं एकदाच सरळ लिहून टाकतो.

लग्न का नाही, हे तुम्ही विचारणारच. भारतीय माणसाला इथं लग्न करायचं तर 'हा लग्नाला मोकळा आहे' असा आपल्या देशाचा दाखला द्यावा लागतो. भारत असा दाखला देत नाही. मग इथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून त्यातून सूट मिळवायची आणि त्यासाठी आपली कागदपत्रं तपासून घ्यायची, यात महिनेच्या महिने जातात. बाळ काही तोवर थांबणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही लग्नाची घाई नव्हती.

आई-वडील विवाहित असतील तर आईचा नवरा हाच बाप, असं इथला कायदा आपोआप धरतो. विवाहित नसतील तर बाळाचा बाप कोण, ही जागा कायद्यासाठी रिकामी असते. दोघं एका घरात दहा वर्षं राहत असली तरी रिकामीच. ती भरायला बापानं पितृत्वाची कबुली द्यायची आणि आईनं त्याला संमती द्यायची. हे बाळ जन्माला येण्याआधीही करता येतं.

सहाव्या महिन्यात आम्ही युगेंडाम्टमध्ये, म्हणजे बालकल्याण कार्यालयात, वेळ घेतली. माझा जन्मदाखला बडोदा महानगरपालिकेचा, गुजरातीत. त्याचं शपथबद्ध भाषांतर करून घेतलं. तिथल्या बाईंनी सगळा मसुदा शब्द न् शब्द मोठ्यानं वाचला. पुढं वेगळे झालात तरी मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत खर्च द्यावा लागेल, ती तुमची वारस होईल, उद्या मन बदललं म्हणून हे मागं घेता येणार नाही. समजलं का, असं दोनदा विचारलं. पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. मी खरोखरच बाप आहे याचा पुरावा! डीएनए वगैरे काही नाही. दिवसभर 'आधी तपासा, मग पुढं जा' असा कोड लिहिणाऱ्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागला. चाचणीची वेळ येते ती भांडण कोर्टात गेलं तर. तोवर कायदा दोघांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, बाप आहेस ना तू तिचा? मग सही कसली करायची त्यात?"

मला आईला खरं तर दुसरा कागद समजावायचा होता, कारण बरेच जण तिथंच अडकतात. पितृत्व मान्य झालं म्हणजे पालकत्वाचे अधिकार मिळाले असं नाही. पहिल्या कागदानं खर्चाची जबाबदारी येते, वारसा येतो, पण शाळा कुठली, ऑपरेशन करायचं का, पासपोर्ट, राहायचं कुठं, हे ठरवण्याचा हक्क एकट्या आईकडेच राहतो. तो दोघांचा व्हावा म्हणून वेगळं संयुक्त निवेदन द्यावं लागतं. या हक्काच्या जर्मन शब्दात 'काळजी' हा शब्द आहे, काळजी घेण्याचा हक्क. दोन्ही कागद त्या कार्यालयात फुकट होतात.

पूर्वी आईनं नाही म्हटलं की अविवाहित बापाची वाट तिथंच संपायची. एका जर्मन बापानं स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि 2009 साली तो जिंकला. पुढच्या वर्षी जर्मनीच्या घटना न्यायालयानंही तेच म्हटलं आणि 2013 मध्ये कायदा बदलला. आता आईची संमती नसेल तर बाप कौटुंबिक न्यायालयात अर्ज करू शकतो आणि बाळाच्या हिताला बाधा येत नसेल तर संयुक्त पालकत्व मिळतं. मला हा बदल योग्य वाटतो. त्यानं आईचं काही हिरावलं जात नाही.

आम्ही दोन्ही सह्या एकाच दिवशी केल्या. सात आठवड्यांनी बाळ अचानक आलं, वेळेच्या बरंच आधी. आईला खूप रक्तस्राव झाला, ती अतिदक्षता विभागात, गुंगीत. बाळ काचेच्या पेटीत, दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी एका छोट्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं. जीवावरची घाई नव्हती, पण लवकर करायला हवी होती, आणि संमती कुणाची हा प्रश्न होता. मी पाठपिशवीतून तो कागद काढून दिला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि माझ्यासमोर फॉर्म ठेवला. मी दोन जिने खाली जाऊन गुंगीतल्या तिला सगळं सांगितलं. तिला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. वर येऊन सही केली. तीन आठवड्यांनी आम्ही तिघं घरी आलो.

संयुक्त पालकत्व असल्यामुळे आडनावही दोघांनी मिळून ठरवायचं होतं. आम्ही तिच्या आईचं घेतलं. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावात मधोमध बसलेलं असतं, अगदी शाळेच्या हजेरीपासून. माझ्या लेकीच्या नावात मी कुठंच नाही. आईला लग्न न झाल्यापेक्षा हे जास्त लागलं. सासरचं आडनाव स्वतः पस्तीस वर्षं लावणारी आई ती, मी काय बोलणार?

बाबांचा प्रश्न वेगळा होता. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, "आणि इथल्या घराचं काय?"

इथं जरा नीट वाचा, कारण हे भारतात राहणाऱ्यांनाही लागू आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956, कलम 6: विवाहातल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, अविवाहित जोडप्याच्या मुलाची आधी आई, तिच्यानंतर बाप. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि जन्मदाखलाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर मिळायला हवा. हे फार चांगलं झालं. पोटगीची जबाबदारीही बापाला टळत नाही. पण हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेरचं मूल नातं सांगतं ते आईशी, बापाशी नाही. म्हणजे श्टुटगार्टच्या कार्यालयातल्या त्या सहीनं माझी लेक जर्मन कायद्यानं माझी वारस झाली, पण दांडिया बाजारातलं घर उद्या माझ्या नावावर झालं आणि मी काही लिहून न ठेवता गेलो, तर या कायद्यानं तिला त्यात हिस्सा नाही.

गेल्या दिवाळीत बडोद्याला गेलो तेव्हा बाबांनी मृत्युपत्राचा मसुदा टाइप करून ठेवला होता. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. बाबांनी शेजारच्या काकांना आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. काकांनी चष्मा पुसून लेकीचं नाव वाचलं आणि आडनावाशी अडखळले. बाबांनी ते त्यांना दोनदा नीट उच्चारून दाखवलं. मग आईनं चहा आणला आणि मी सही केली.