दोरू की मोझेल?

युरोपच्या प्रवासाची आखणी म्हणजे शेवटी वजाबाकी. दिवस चौदा, देश तीन : फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल. शेंगेन व्हिसा तिन्हींना एकच चालतो, पण म्हणून दिवस काही वाढत नाहीत. द्राक्षमळ्यांची एक दरी पाहायची हे ठरलं होतं. जर्मनीतली मोझेल की पोर्तुगालातली दोरू, एवढंच ठरत नव्हतं.

दोघी बहिणी शोभाव्यात अशा. नागमोडी नदी, दोन्ही काठांना उभे डोंगर आणि डोंगरभर वेली. मोझेलला पाटीचा दगड, म्हणजे ज्यावर आपण श्रीगणेशा गिरवला तोच. दोरूला त्याचाच भाऊबंद, शिस्ट. दोन्ही दगड दिवसा ऊन साठवतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. मोझेलकाठचा ब्रेम गावचा मळा तर सुमारे ६५ अंश चढाचा! फोंड्याच्या कुळागरांत चढउतार केलेल्यांनाही तिथे धाप लागेल.

फरक बाटलीत. मोझेलची रिसलिंग हलकी, आंबूस. दोरूच्या पोर्टमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाची दारू ओततात. आंबणं थांबतं, साखर मागे उरते. म्हणून ती गोड आणि वीसेक टक्क्यांची कडकही. (आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळते तिचा दोरूशी संबंध नावापुरताच.) काही ठिकाणी अजून द्राक्षं दगडी टाक्यांत पायांनी तुडवतात. काजूची बोंडं तुडवताना पाहिलेल्या गोंयकाराला यात नवल ते काय?

खरी अडचण घरात होती. काका आग्वादच्या तुरुंगात राहिलेले. पाखल्यांच्या देशात हौसेनं पैसे उधळायला जायचं, हे त्यांना सांगायचं कसं? शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "सालाझारनं त्यांना तरी कुठं सोडलं होतं? आपण ६१ साली सुटलो, ते बिचारे ७४ साली."

मग प्रश्न वेळापत्रकाचा उरला. सप्टेंबरअखेर दोरूत द्राक्षतोडणी चालू असते. रिसलिंग उशिरा पिकते. शिवाय कोब्लेन्झहून ट्रिअरला जाणारी आगगाडी मध्येच मोझेलला सोडून देते, ऐन मळ्यांची बर्नकास्टेलची बाजू तिच्या वाटेवर येतच नाही. पोर्तुहून निघालेली गाडी मात्र एकदा नदी धरली की पिन्यांवपर्यंत आणि पुढेही तिची साथ सोडत नाही. मी दोरू निवडली.

आणि तिथे गोवा पाठ सोडत नाही. १७५६ साली या मळ्यांच्या सीमा आखून देणारा मार्केस द पोंबाल. त्याच्याच अमलात १७७४ मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन बंद झालं. त्याची सत्ता गेल्यावर ते पुन्हा सुरू झालं, तो भाग वेगळा. पोर्तुच्या सांव बेंतु स्थानकात जोर्ज कुलासोच्या सुमारे २०,००० निळ्या फरशा आहेत. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी आहेत त्या फरशाही त्याच्याच. जवळून कितीदा गेलो असेन, नीट पाहिल्या त्या परत आल्यावर.

कुणी जाणार असाल तर पोर्तुहून निघताना उजवीकडची खिडकी धरा. मोझेल पुढल्या खेपेला, ऑक्टोबरात. काकांसाठी आणलेली छोटी बाटली त्यांनी अजून फोडलेली नाही.